दिवा मंद झालाय, हे कोणीतरी बोला ना

आमच्या आत्याला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही, हे आमच्या अख्ख्या खानदानाला माहिती होतं. कारण काका तसं सांगायचे. सुट्टीत सांगलीला गेलो की आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर यायची आणि काका पाहुण्यांसमोर एकदम मजेत विचारायचे, "मीठ घातलंयस ना? की मागच्यासारखं?" मागच्या वेळी काय झालं होतं ते कोणालाच माहिती नसायचं, पण सगळे हसायचे, मी पण हसायचो, आत्या पण हसायची आणि पदराला हात पुसत आत जायची. काका म्हणजे देवमाणूस हो, शाळेत गणित शिकवायचे, कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, दारू सोडा साधी सुपारी नाही. फक्त रोज संध्याकाळी हिशोब. वीस दिले होते, भाजी सतराची झाली, तीन कुठेत? आत्या म्हणायची, अहो सकाळीच दिले ना तुम्हाला. काका शांतपणे वर्तमानपत्राचं पान उलटत म्हणायचे, "दिले नाहीस. तुला वाटतंय दिलेस."

काका गेले त्याला आता सहा वर्षं झाली. आणि मग हळूहळू आमच्या लक्षात यायला लागलं की या बाईला सगळ्यांचे फोन नंबर पाठ आहेत. माझ्या मुंजीत कोणी काय आहेर केला, १९८९ साली गहू काय भावाने घेतला, कोणाची सून कोणत्या तारखेला बाळंत झाली, सगळं. विसराळू कसली, चालतीबोलती वही आहे ती. फक्त झोपायच्या आधी गॅसचं बटण तीन वेळा बघून येते, अजून.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे मी 'गॅसलाइट' बघितला. १९४४ चा, जॉर्ज क्यूकरचा, इन्ग्रिड बर्गमन आणि शार्ल बोयेवाला. गॅसलाइटिंग हा शब्द आपण आता उठसूट वापरतो, मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीने २०२२ चा वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला होता, पण ज्या गोष्टीवरून तो आला ती बघितलेली माणसं कमीच. मुळात पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं नाटक, मग १९४० मध्ये इंग्लंडात एक सिनेमा झाला आणि चार वर्षांनी हा हॉलिवूडचा. गोष्ट तशी साधी आहे. पॉलाची मावशी लंडनच्या घरात खून होऊन मेलेली, पॉला इटलीत गाणं शिकते, तिथं पियानो वाजवणाऱ्या ग्रेगरीच्या प्रेमात पडते, घाईघाईत लग्न, आणि नवरा तिला गोड बोलून त्याच मावशीच्या घरात राहायला घेऊन येतो. मावशीचे दागिने त्या घरात कुठेतरी आहेत आणि त्याला ते हवेत. रोज रात्री 'कामाला जातो' म्हणून तो बाहेर पडतो आणि मागच्या बाजूने आपल्याच घराच्या माळ्यावर जाऊन शोधाशोध करतो. माळ्यावरचा गॅसचा दिवा लावला की खालच्या खोलीतला मंद होतो. पॉलाला ते दिसतं, वर पावलं वाजलेली ऐकू येतात. आणि तिला वाटतं आपलं डोकं फिरलंय, कारण नवऱ्याने तोपर्यंत तिला तसं व्यवस्थित पटवून दिलेलं असतं.

पटवतो कसा ते बघण्यासारखं आहे. एक ब्रोच देतो, स्वतःच्या हाताने तिच्या पर्समध्ये ठेवतो आणि प्रेमाने म्हणतो की तुला वस्तू हरवायची सवय आहे ना. अजून काही हरवलेलं नाहीये, आधीच बिरुद लावून मोकळा! मग अर्थात ब्रोच गायब. मग भिंतीवरची तसबीर गायब होते, तो नोकरांना बोलावतो, बायबल आणायला लावतो, त्यांच्याकडून शपथा घेतो, म्हणजे तिला नोकरांसमोर उभं करून हे सगळं चालू असतं. आणि एक प्रसंग असा आहे की माझ्या घशात घास अडकला. बऱ्याच दिवसांनी ती हट्ट करून एका गाण्याच्या बैठकीला जाते, मोठ्या लोकांचं घर, सगळे छान कपडे घालून बसलेत, पियानो चाललाय. नवरा हळूच आपल्या खिशातली साखळी दाखवतो, घड्याळ नाहीये. मग तिच्या पर्समध्ये हात घालतो आणि घड्याळ काढतो. ती भर मैफिलीत ओक्साबोक्शी रडायला लागते. लोक वळून बघतात. लोकांना काय दिसतं तर एक बिचारा, समजूतदार नवरा आणि त्याची आजारी बायको.

मला पोह्यांच्या बश्या दिसल्या.

आता एक बाजूला सांगतो, कारण हा शब्द फार स्वस्त झालाय. माझ्या मित्राची बायको त्याला म्हणाली की तू दही आणायला विसरलास आणि वर मला सांगतोस की तू सांगितलंच नव्हतंस, यू आर गॅसलाइटिंग मी. नाही हो, तो विसरला आणि आता खोटं बोलतोय, त्याला लबाडी म्हणतात, त्याच्यासाठी आपल्याकडं चांगले जुने शब्द आहेत. गॅसलाइटिंग म्हणजे एकदा खोटं बोलणं नाही, समोरच्याचा स्वतःच्या डोळ्याकानांवरचा विश्वासच उडेपर्यंत रोज थोडं थोडं खोदत राहणं. मराठीत त्याला एक शब्द नाही खरा, पण वाक्यं पायलीला पन्नास आहेत. तुझं आपलं काहीतरीच. मी असं बोललोच नाही. तुझ्याच डोक्यात येतं असलं. किती मनाला लावून घेतेस. मस्करी पण कळत नाही तुला. आणि सगळ्यात भारी म्हणजे, अगं तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. एकेकटं वाक्य काढलं तर काही नाही त्यात, मीही हजारदा बोललोय, तुम्हीही. वीस वर्षं एकाच दिशेने बोललं गेलं की मग बाई गॅसचं बटण तीनदा बघते.

तर मुद्दा. दर दोन-तीन वर्षांनी एक सिनेमा येतो, त्यातला हिरो बाईला मारतो नाहीतर बांधून ठेवतो, आणि मग आपल्याकडं तेच भांडण सुरू होतं. एक पार्टी म्हणते हे बघून पोरं बिघडणार, बंदी घाला. दुसरी म्हणते सिनेमा आहे, सिनेमासारखा बघा, मग खून दाखवला तर लोक काय खून करतात का. दोघंही एकाच माणसाबद्दल बोलत असतात, तो मारणारा. सिनेमा बघून तो बिघडतो की आधीच बिघडलेला असतो. मला वाटतं आपण चुकीच्या माणसाकडं बघतोय. आमच्या काकांनी कुठला सिनेमा बघून हे शिकलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, ते सिनेमाच बघायचे नाहीत. पण त्या बैठकीच्या खोलीत बसून हसणारे आम्ही बारा-पंधरा जण? आम्ही सिनेमे बघायचो. ढीगभर बघायचो. सिनेमा कोणाला काही शिकवत असेल तर तो नवऱ्याला नाही, शेजाऱ्याला शिकवतो. बघणाऱ्याला. कुठं हसायचं, कुठं 'वा' म्हणायचं, कुठं नजर फिरवून घ्यायची.

'गॅसलाइट'मध्ये सुटका कशी होते बघा. पॉलाला कोणी उचलून नेत नाही, कोणी कोर्टात भाषण करत नाही. स्कॉटलंड यार्डचा एक माणूस घरात येतो, तिच्याशी बोलत उभा असतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर दिवा मंद होतो, आणि तो म्हणतो की हो, मलाही दिसलं. एवढंच. त्या क्षणी बर्गमनचा चेहरा बघा, ऑस्कर त्या सिनेमासाठी मिळालं तिला आणि माझ्या मते त्या दोन सेकंदांचंच मिळालं असावं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की तू बघतेयस ते खरं आहे. म्हणून मी कुठलाही सिनेमा बघताना आता एवढंच बघतो, की दिवा मंद झालाय हे या सिनेमाला माहिती आहे का? आणि ते सांगणारं कोणी यात आहे का? हिरो वाईट असला तर असू दे. पात्रं वाईट असावीतच, नाहीतर कीर्तन बघावं की माणसाने.

२०१९ मध्ये मी 'कबीर सिंग' बघितला तो थेटरात, पहिल्याच आठवड्यात, आणि मला आवडला होता. खोटं कशाला बोलू. मोलकरणीच्या हातून ग्लास फुटतो आणि तो तिच्या मागे रस्त्यावर धावत सुटतो तेव्हा अख्खं थेटर हसलं त्यात मी पण होतो. इंटरवलला बायको म्हणाली, "ती पोरगी बोलत का नाही रे?" मी पॉपकॉर्न खात म्हणालो, अगं लाजाळू दाखवलीय तिला, तुझं आपलं काहीतरीच. (हो. आता कळतंय.)

नंतर ओटीटीवर परत बघितला आणि यावेळी कबीरकडं बघितलंच नाही, बाकीच्यांकडं बघितलं. कबीर पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन सांगतो की ही माझी आहे, बाकी कोणी नादी लागायचं नाही. प्रीतीने तोवर त्याच्याशी एक शब्द बोललेला नाहीये. वर्गातली पोरं माना डोलावतात. तिने कुठं बसायचं, मैत्रीण कोण असावी हे तो ठरवतो, मैत्रीणही गपचूप ठरल्यासारखी बसते. न विचारता गालावर ओठ टेकवतो, कॅम्पसमध्ये कोणाला काही वाटत नाही. ओढणी नीट कर म्हणतो, ती करते. अख्ख्या कॉलेजात, हॉस्टेलात एकही पोरगी तिला बाजूला घेऊन विचारत नाही की काय गं, तुला हे हवंय का? पुढं तो तिच्या घराबाहेर तिच्या थोबाडीत मारतो आणि वर वेळेची मुदत देऊन जातो. आणि त्याचा जिवलग मित्र, ज्याने हे सगळं जवळून बघितलंय, तो काय करतो? त्याच्यापुढं स्वतःच्या बहिणीचं स्थळ ठेवतो! हे मला पहिल्या वेळी दिसलंच नव्हतं. म्हणजे ज्या जगात कबीर राहतो त्या जगातल्या शहाण्या, प्रेमळ, सख्ख्या माणसाचं मत असं की याच्या घरात बहीण द्यायला हरकत नाही. आणि आपण बघणारे त्या मित्राच्याच खुर्चीत बसलेलो असतो. त्याला कबीर आवडतो म्हणून आपल्याला आवडतो.

त्यावर सिनेमाची स्वतःची करामत आहेच. थप्पड झाली की पार्श्वसंगीत कोणाच्या बाजूने वाजतं? त्यानंतर कॅमेरा कोणाबरोबर घरी जातो? कबीरबरोबर. त्याची दारू, त्याची दाढी, त्याचं कुत्रं, त्याचा बर्फ. प्रीतीचं त्या महिन्यांत काय झालं हे शेवटी बागेत बाकावर दोन मिनिटांत कळतं आणि ते कळण्याचा उपयोग काय, तर पोटातलं मूल त्याचंच आहे हे त्याला कळावं म्हणून. तिच्या आयुष्यातले नऊ महिने कॅमेऱ्याला नकोच होते. मी याला बघणाऱ्याचं गॅसलाइटिंग म्हणेन, कारण तुमच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट घडते आणि वाजणारं गाणं तुम्हाला सांगत राहतं की नाही नाही, तुला वाटतंय तसं नाहीये ते, हे प्रेम आहे. दिग्दर्शक संदीप रेड्डी वांगा तर मुलाखतीतही बोलले होते की प्रेमात एकमेकांना थप्पड मारायचं स्वातंत्र्य नसेल तर त्यात भावना कसली, अशा अर्थाचं. निदान माणूस सरळ आहे, लपवाछपवी नाही.

एक गंमत म्हणून करून बघा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांना नवऱ्याच्या नियंत्रणाबद्दल सहा गोष्टी विचारतात. दुसऱ्या पुरुषाशी बोललीस तर तो चिडतो का. सारखा संशय घेतो का. मैत्रिणींना भेटू देत नाही का. माहेरच्यांशी संबंध कमी करायला बघतो का. कुठं आहेस हे सतत कळलंच पाहिजे असं म्हणतो का. पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही का. सरकारी फॉर्म आहे, कोणा फेमिनिस्ट क्लबने काढलेला नाही. आता हे सहा प्रश्न घेऊन आपल्या लहानपणापासूनच्या आवडत्या लव्हस्टोऱ्या आठवा आणि खुणा करत जा. मी केल्या, माझ्या आवडत्या पाच सिनेमांपैकी तिघांचे हिरो तीनच्या वर गेले. आणि मग आत्याची उत्तरं मनातल्या मनात भरली, पैशाच्या प्रश्नावर तर पेन थांबलाच नाही.

उलट बाजूचे सिनेमे पण आहेत, ज्यांत नवरा सरळ राक्षस. १९९१ चा 'स्लीपिंग विथ द एनिमी', ज्युलिया रॉबर्ट्सचा नवरा बाथरूममधले टॉवेल एका रेषेत नसले तर बिथरतो, कपाटातल्या डब्यांची लेबलं एकाच बाजूला हवीत. आपल्याकडं त्यावरून १९९६ च्या सुमारास एकामागून एक सिनेमे निघाले, त्यातला 'अग्निसाक्षी' आठवत असेल, नाना पाटेकर, राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला त्यांना त्यासाठी. काम जबरदस्तच आहे. पण प्रॉब्लेम असा की असला नवरा बघून प्रत्येक नवरा घरी सुखाने झोपतो. मी काय टॉवेल मोजतो का? मी काय नानासारखा डोळे वटारतो का? झालं तर मग. मालिकांनी तर त्याहून वाट लावली, तिथं रोज कोणीतरी सुनेच्या भाजीत मीठ ओतून जातं आणि भुवया उडवतं, म्हणजे कारस्थान करायला नथ आणि बॅकग्राउंड म्युझिक लागतं असा आपला समज. हळू आवाजात बोलणारा, वर्तमानपत्र वाचणारा माणूस कोणाला दिसतच नाही.

तो दाखवला कोणी, तर मराठी गोष्टींनीच, आणि फार आधी. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' १९७७ चा हिंदी असला तरी मूळ आपलं, हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून सुचलेला. त्यात स्मिता पाटीलचा नवरा केशव दळवी कोण आहे, तर अमोल पालेकर! म्हणजे त्या काळात पोरी ज्याच्यासारखा साधा नवरा हवा म्हणायच्या, बसस्टॉपवर लाजणारा, तो. इथं तो बायकोचे कॉन्ट्रॅक्ट करतो, तिच्या कमाईवर घर चालवतो आणि तिच्याच हिरोवरून तिच्यावर संशय घेतो. काम कर, पण केलंस म्हणून तू वाईट. आणि यातून पळून ती ज्या अमरीश पुरीकडं जाते तो श्रीमंत, रुबाबदार, शांत, तिथं सगळी सुखं, फक्त उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. कास्टिंगमध्येच अर्धा लेख लिहून ठेवलाय बेनेगलांनी.

मग १९८२ चा 'उंबरठा'. जब्बार पटेल, संवाद विजय तेंडुलकरांचे. गिरीश कार्नाडांचा सुभाष महाजन वकील आहे, सुसंस्कृत आहे, बायकोला आश्रमाची नोकरी करायला जाऊ देतो (या 'जाऊ देतो'वरच थांबायला हवं खरं तर). शेवटी ती परत येते तेव्हा आपल्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे तो इतक्या समजूतदारपणे सांगतो की बघणाऱ्यालाच वाटावं, आता ही का तोंड वाकडं करतेय, तो तर खरं बोलला. आमच्या घरी टीव्हीवर लागला होता तेव्हा मोठ्या माणसांचं मत पडलं की बाईनेच घर मोडलं. मी तेव्हा लहान, मलाही तसंच वाटलेलं. शेजाऱ्याचं शिक्षण, दुसरं काय.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व', २००० चा, मराठी आणि हिंदी दोन्हीत काढलेला. पुण्याचं घर, तब्बू आदिती, सचिन खेडेकर श्रीकांत. जुन्या संगीतशिक्षकाची मालमत्ता मृत्युपत्राने आदितीच्या नावावर येते आणि नवऱ्याचा हिशोब सुरू होतो, कधी, कसं, किती वर्षांपूर्वी. तिला एकेकाळी नोकरी करायची होती ती त्याने करू दिली नव्हती, ते मात्र हिशोबात नाही. सगळे तिच्या चुकीवर बसलेत, मुलगासुद्धा. आणि त्या खोलीत एकच माणूस वेगळं बघतं, ती म्हणजे होणारी सून, रेवती. स्वतःचं ठरलेलं लग्न मोडते आणि आदितीबरोबर घराबाहेर पडते. तिचं कामच तेवढं आहे सिनेमात, पण माझ्यासाठी ती स्कॉटलंड यार्डची माणूस आहे. दिवा मंद झाला, मलाही दिसलं.

'सैराट'चं नाव घेतलं की लोक शेवटावर जातात, साहजिक आहे. पण मधला भाग आठवा, हैदराबाद, झोपडपट्टीतली खोली. आर्ची कामावर जायला लागते, चार माणसांत बोलते, हसते, आणि ज्या परश्यासाठी आपण अर्धा सिनेमा शिट्ट्या मारल्या तोच तिच्यावर संशय घेतो आणि हात उचलतो. ती निघून जाते, रेल्वेत बसते, मग परत येते. नागराज मंजुळे त्या थपडेला प्रेमाचा मुलामा देत नाहीत. गोड, कवितावाल्या, जातीचे चटके खाल्लेल्या पोराच्या हातातही ती थप्पड तयार असते हे दाखवलंय त्यांनी, आणि आपण ती विसरून गेलो. मी दहा जणांना विचारलं, सात जणांना तो प्रसंग आठवतच नव्हता. दोघं म्हणाले, हां, भांडतात ना थोडे.

'डार्लिंग्स'मध्ये (२०२२, भायखळ्याची चाळ, आलिया भट आणि विजय वर्मा) भातात खडा लागतो म्हणून रात्री मार आणि सकाळी प्रेमाने लाडीगोडी. आणि चूक कोणाची, तर दारूची. दारू सोडली की सगळं ठीक होणार असं तोच ठरवतो आणि तीही धरून चालते. सिनेमा पुढं थोडा भरकटतो असं माझं मत आहे, सूडाचा भाग ओढूनताणून वाटला, पण त्या सकाळच्या माफीचा सीन इतका गोड आहे की मी पण माफ केलं होतं त्याला. तिथं मात्र सिनेमाला माहिती असतं की आपण माफ करतोय, आणि तो आपल्याला पकडतो. हाच फरक मी म्हणतोय.

आता बंदीचं. मला नको बंदी. 'कबीर सिंग'ला 'ए' सर्टिफिकेट होतं, काय झालं, पावणेतीनशे कोटींच्या आसपास धंदा. त्या सिनेमात तो इतक्या सिगारेटी ओढतो की खालच्या कोपऱ्यात धूम्रपान आरोग्यास हानिकारक ही पाटी जवळजवळ मुक्कामालाच होती, तिने एकाची तरी सिगारेट सुटली असेल तर मला भेटवा. उद्या थपडेखाली पण पाटी आणतील, बायकोला मारणे नात्यास हानिकारक, आणि लोक त्याचेही मीम करतील. कायद्याचं म्हणाल तर आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीवर थांबत नाही, शाब्दिक आणि भावनिक छळ, पैशांची कोंडी हेही त्यात लिहिलंय. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून असं सततचं नियंत्रण हा वेगळा गुन्हाच आहे. पण कागदावर काहीही असलं तरी साक्षीला कोण येणार? आत्या पोलिसात जाऊन काय सांगणार होती, पोह्यांवरून चेष्टा करतात म्हणून? साक्षीदार आम्ही पंधरा जण होतो आणि आम्हाला तो विनोद वाटत होता.

बायकाही करतात की असं, हे कोणीतरी म्हणणारच. करतात. सासवा करतात, आया पोरांना करतात, ऑफिसात बॉस करतात. तिथंही मी हेच विचारेन, बाकीचे काय करत होते.

आणि आता हे जुन्या पिढीचं राहिलं नाही असं वाटत असेल तर माझ्या ऑफिसातली एक मुलगी बघा, नाव नाही सांगत, चांगला पगार आहे, इंग्लिश फाडफाड. तिच्या बँकेचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो. टीमबरोबर जेवायला गेलो, बिल वाटून घ्यायचं होतं, तर हिने फोन लावून विचारलं, आलाय का बघ ना. तो म्हणाला कशाला हवाय. ही सगळ्यांसमोर सांगत होती, अरे पनीर टिक्का, तीनशे चाळीस. आम्ही मेनूकार्ड वाचत बसलो. लाइव्ह लोकेशन तर चोवीस तास चालूच, आणि त्यावर टेबलावरच्या एकीची प्रतिक्रिया होती, "सो स्वीट, किती काळजी करतो." कुठल्या सिनेमातून आली असेल ही प्रतिक्रिया, तुम्हीच सांगा.

मागच्या महिन्यात आत्या आमच्याकडं पुण्याला आली होती. रात्री मी लॅपटॉपवर तो 'गॅसलाइट' परत लावला, तिला इंग्लिश येत नाही म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो, जमेल तसं. ती शेंगा सोलत बघत होती. मैफिलीतला प्रसंग आला, नवऱ्याने साखळी दाखवली, आणि मी अजून काही सांगायच्या आत आत्या म्हणाली, "त्यानंच टाकलं असणार हिच्या पिशवीत." मी विचारलं, तुला कसं कळलं? "त्यात काय कळायचंय," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

शेवटी नवऱ्याला खुर्चीला बांधलेलं असतं, तो पॉलाला म्हणतो सुरी आण, सोडव मला, आणि ती सुरी हातात घेऊन त्याला म्हणते की मी तर वेडी ना, वेडीला कुठली सुरी सापडायला. तिथं आत्या हसेल असं मला वाटलं होतं, मला स्वतःला तो सीन फार आवडतो. ती हसली नाही. टरफलं ताटलीत गोळा केली आणि विचारलं, "ती स्वयंपाकीणबाई होती ना, म्हातारी. घरातच असायची की दिवसरात्र. ती का नाही आधी काही बोलली?"

मी म्हणालो तिला कमी ऐकू येतं असं दाखवलंय.

"ऐकू," आत्या म्हणाली, "दिसत तर होतं ना?" आणि ताटली घेऊन आत गेली.